ग्राही, ग्राहक आणि ग्राह

नाशिकरोडच्या एका फार्मसीच्या विद्यार्थिनीने विचारलंय, इन्सुलिन लाइक ग्रोथ फॅक्टर म्हणजे आयजीएफ, इन्सुलिनसारखं एक प्रथिन, पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन बसतो त्याला मराठीत ग्राही म्हणायचं का ग्राहक, आणि रक्तात त्याला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंग प्रोटीनला काय म्हणायचं.

आधी ग्रोथ फॅक्टरला ते 'वाढीव घटक' म्हणणं बंद करा! गंगापूर रोडच्या जिममध्ये जाता-येता कानावर पडतं. वाढीव म्हणजे होतं त्याच्यापेक्षा जास्तीचं, वाढीव वीजबिल, वाढीव घरपट्टी. आयजीएफ वाढ घडवतो, तो वाढकारक.

ग्राहीचा धातू ग्रह्, म्हणजे घेणे, पकडणे. गिऱ्हाईक, आग्रह, रामकुंडावर ज्याच्या स्नानाला गर्दी होते ते ग्रहण, सगळे इथलेच, आपलं 'घेऊन'सुद्धा प्राकृतातल्या 'घेत्तूण'वरून आलंय. पण खरी गंमत पाणिनीत आहे. त्याच्या अष्टाध्यायीतल्या ३.१.१३४ या सूत्रात णिनि प्रत्यय, म्हणजे 'करणारा' या अर्थाचा शेवटचा ई, घेणाऱ्या धातूंच्या गणाला नावच ग्रह् वरून दिलंय, म्हणजे ग्राही हा काही समितीत बसून पाडलेला शब्द नाही. पुढे ३.१.१४३ ला 'विभाषा ग्रहः', तिथे त्याच धातूचे दोन शब्द होतात आणि काशिका वृत्ती ही पाणिनीवरची जुनी टीका त्यांची वाटणी करून देते, आकाशात असेल तर ग्रह, पाण्यातला असेल तर ग्राह. ग्राह म्हणजे मगर, गजेंद्राचा पाय धरणारी!

आता बघा, आयजीएफ दोन आहेत, १ आणि २. आयजीएफ-१ चा रिसेप्टर आयजीएफला पेशीच्या बाहेरच्या अल्फा भागाशी धरतो, मग आतले बीटा भाग एकमेकांना फॉस्फेट लावतात आणि निरोप पेशीत जातो. हा ग्राही. आयजीएफ-२ चा दुसरा जो रिसेप्टर आहे, मॅनोज-६-फॉस्फेट नावाच्या साखरेच्या खुणेलाही धरणारा, त्याचं आयजीएफच्या बाबतीतलं काम आयजीएफ-२ ला धरून आत ओढायचं आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, नेऊन संपवायचं. हा सरळ सरळ ग्राह आहे. परिभाषावाले म्हणतात इंग्रजीत दोन्हीला रिसेप्टर आहे म्हणून मराठीत एकच शब्द पाहिजे. का पाहिजे? इंग्रजीने दोन कामांना एक नाव दिलं म्हणून आपण आपले तयार शब्द टाकून द्यायचे हे मला अजिबात पटत नाही.

ग्राहक व्याकरणाने चूक नाही, पण मराठी माणसाला ग्राहक म्हटलं की ग्राहक मंचच आठवतो.

हां, बाइंडिंग प्रोटीन राहिलंच. धारक प्रथिन म्हणा. अशी मुख्य ६ आहेत, रक्तात ३ नंबरचं सगळ्यात जास्त, ते आणि एएलएस नावाचं अजून एक प्रथिन मिळून आयजीएफला धरून ठेवतात. सुटा आयजीएफ काही मिनिटांत निम्मा होतो, या तिघांच्या जुळणीत तो निम्मा व्हायला १२ तासांच्या वर लागतात. धारकाची पकड ग्राहीइतकी किंवा त्याहून घट्ट असते, त्यामुळे प्रोटीएझने, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराने, धारक कापला किंवा त्याची पकड सैल झाली की मगच आयजीएफ ग्राहीच्या हाती लागतो.