कर्ज काढून चूल घ्यावी का?

मालवणजवळच्या गावात खाणावळ चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: भात-कढीची मोठी पातेली साध्या चुलीवर चढतात, फाट्यांना महिन्याला ३,२०० रुपये जातात. धंदा ऑक्टोबर ते मे. शिल्लक १८,००० रुपये. पत्र्याची तयार सुधारित चूल २४,००० रुपयांना मिळते, बचतगट २ टक्के मासिक व्याजाने २४ हप्त्यांत कर्ज देतो. गवंडी तशीच चूल चिऱ्याची ७,०००त बांधून देईल. काय करावं?

ताई, कर्ज काढू नका. घटत्या शिलकीवर व्याज धरलं तरी हप्ता १,२६९ रुपयांचा बसतो. विक्रेता निम्मं लाकूड वाचेल म्हणतो. हिशेब मात्र ३० टक्क्यांचाच धरा. म्हणजे महिन्याला ९६० रुपये आणि आठ महिन्यांच्या धंद्यात ७,६८०. हप्ते मात्र पावसाळ्यातही भरायचे, वर्षाला १५,२२८! शिवाय साधा पत्रा जाळाने पापुद्रे सोडतो आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतो. कर्ज फिटेपर्यंत चूल टिकेल, याची हमी लेखी मिळते का बघा.

चिऱ्याच्या चुलीचे ७,००० एका हंगामात सुटतात, पण बांधणी चुकली तर एक रुपयाही वाचणार नाही. भट्टी, म्हणजे फाटी जळतात ती आतली पोकळी, नुसत्या चिऱ्याची केली तर जड दगड आधी स्वतः तापतो, पातेल्याला उष्णता उशिरा मिळते आणि चिरा तडकतो. म्हणून चिरा फक्त बाहेरून. आतलं अस्तर चिकणमातीत भाताचं तूस मिसळून भाजलेल्या हलक्या विटांचं हवं. तूस जळून राहिलेली छिद्रं उष्णता अडवतात. तूस फार झालं तर वीट भुगा होते. अस्तर आणि चिरा यांच्यामध्ये चाळलेली कोरडी राख भरा.

तुमच्या ४० सेंटिमीटर रुंद पातेल्याला भट्टी १६ बाय १६ सेंटिमीटर, उंची साधारण ४५. तोंडात मध्ये जाळी: फाटी जाळीवर, हवा खालून. तोंड लाकडांनी गच्च भरलं की हवा कोंडते आणि धूर होतो. पातेल्याभोवती पत्र्याचं कडं, फट २ सेंटिमीटर. गवंडी सर्वात जास्त इथेच चुकतात. फट अरुंद झाली तर धूर तोंडातून उलटतो, रुंद झाली तर जाळ पातेल्याला न लागता वर निघून जातो. पातेलं बदललं की कडंही बदलावं लागतं, तेव्हा रोजच्या पातेल्याचंच माप द्या. चूल उघड्या पडवीत ठेवा. धूर कमी झाला तरी बंद खोलीत तो घातकच.

आणि ७,००० देण्याआधी २,००० रुपये फाट्यांच्या मांडवावर घाला. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळतं, मग तुमचं; अशा फाट्यांवर कोणतीच चूल बचत दाखवणार नाही. फाटी मनगटापेक्षा बारीक फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचा.

आता जुन्या चुलीवर पाच दिवस फाटी काट्यावर तोलून जाळा आणि लिहून ठेवा. नवी चूल पंधरा दिवस चालल्यावर तेवढ्याच पानांच्या जेवणाला पुन्हा पाच दिवस तोला. पाव हिस्साही वाचला नसेल तर आधी फट आणि ओलावा तपासा, दुसरी चूल तोवर बांधू नका. उरलेल्या ९,००० रुपयांना हात लावू नका. ते जून ते सप्टेंबरच्या घरखर्चाचे आहेत, त्यातून फक्त अस्तराच्या विटा बदलायला दरवर्षी ६००-७०० काढा.