गोव्यात आजोबांच्या नावावर घर-भाट आहे, आम्ही बाहेर राहतो. कोणी बळकावू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बार्देशात आजोबांचं घर आणि लागून माडांचं भाट (बागायत), आजोबा-आजी दोघेही गेले, वडील पुण्यात, एक आत्या मुंबईत, दुसरी आत्या हयात नाही, घरात एक रखवालदार कुटुंबासह राहतो आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या सातबारासारखा कागद) अजून आजोबांचंच नाव आहे. कुंपण घालावं की कॅमेरे लावावेत, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत आहे की आधी ते नाव बदला, कुंपण मागाहून घाला. गोव्यात जमीन जाते ती बहुतेक वेळा कागदावरून, आणि मृत माणसाच्या नावावर पडून असलेल्या जमिनीला सर्वांत जास्त धोका असतो, कारण तिच्यासाठी हरकत घ्यायला कोणी उभं राहत नाही.

२०२२ साली गोवा पोलिसांनी जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमलं आणि सरकारने निवृत्त न्यायाधीश व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसवला. त्या प्रकरणांतली पद्धत समजून घ्या. मालक मृत किंवा परदेशात असलेली जमीन हेरायची, पोर्तुगीज काळातला जुना विक्रीदस्त बनावट तयार करून पुराभिलेखात घुसवायचा, त्याची रीतसर प्रमाणित प्रत काढायची, त्यावरून वारस दाखवायचे, मामलेदाराकडे (तहसीलदाराकडे) म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरचा नावबदल, करून घ्यायचं आणि लगेच तिऱ्हाइताला विकून टाकायचं. मधल्या प्रत्येक कचेरीत पुढचा कागद आधीच्या कागदावर विसंबतो. ही साखळी तुटते ती हयात वारसांची नावं रेकॉर्डवर असली, तर. मग म्युटेशनची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

पहिलं काम वारस ठरवण्याचं. इथे महाराष्ट्रातला अनुभव उपयोगी पडत नाही, उलट नडतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता समाईक आणि अर्धी-अर्धी असते. त्यात माहेरहून-सासरहून वारशाने आलेलीही धरली जाते. मुलगी मुलाइतकीच वारस असते.

तुमचाच हिशेब घ्या. आजोबा-आजींची तीन मुलं, म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश. वडिलांच्या तृतीयांशात आईचा अर्धा, म्हणजे दोघांना एक-एक षष्ठांश. मुंबईच्या आत्याचं आणि तिच्या यजमानांचंही तसंच. गेलेल्या आत्याच्या बाबतीत मात्र ती कधी गेली हे महत्त्वाचं. आजोबा-आजींच्या पश्चात गेली असेल, तर वाटा तिच्या हाती आधीच आला होता. म्हणून अर्धा तिच्या यजमानांचा आणि अर्धा तिच्या मुलांचा. त्यांच्या आधीच गेली असेल, तर पूर्ण तृतीयांश थेट तिच्या मुलांकडे जातो, जावयाला काहीच नाही. आजोबा आणि आजी यांच्या मधल्या काळात गेली असेल, तर दोन्ही वारशांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. म्हणून सगळ्यांचे मृत्यूचे दाखले तारखेनुसार लावून ठेवा. लग्नाचे दाखले आणि लग्नापूर्वीचा करार असेल तर त्याची प्रतही हवी. एक जावई किंवा सून सहीतून सुटली की पुढचा प्रत्येक दस्त लंगडा होतो. असे दस्त मी सर्वाधिक पाहिले आहेत.

वारसांत वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे वारसाहक्काचा दस्त करतात. हे अधिकारी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात बसतात, बाहेर शिक्का मारून देणारा वकील-नोटरी इथे चालत नाही. या दस्ताने फक्त वारस कोण हे ठरतं, कोणाला कोणती जागा मिळाली हे ठरत नाही. त्यासाठी सगळ्यांच्या सहीने नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं. वाद असेल, कोणी परदेशात सापडत नसेल किंवा वारसांत अल्पवयीन असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कार्यवाही, दाखल करावी. न्यायालय एक वारस कुटुंबप्रमुख म्हणून नेमतं. तो शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी देतो, मूल्यांकन होतं आणि वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोली लावणारा ती मिळकत घेतो आणि इतरांच्या हिश्शाची रक्कम भरतो. यादीतून काही लपवू नका. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली सदनिकाही याच कायद्याने वाटली जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा निकाल आहे.

तोवर कोणीही ‘माझा वाटा’ म्हणून भाटाचा अमुक कोपरा विकू शकत नाही. वाटणीआधी सहमालक फक्त आपला अविभक्त हिस्सा देऊ शकतो, ठरावीक तुकडा नाही. कोणी नातेवाईक तसा करार करतोय असं कळलं, तर लगेच लेखी हरकत द्या.

मग म्युटेशन. वारसाचा दस्त किंवा न्यायालयाचा आदेश जोडून मामलेदार कार्यालयात अर्ज करायचा. नोटिसा निघतात, हरकतींची मुदत जाते आणि एक-चौदावर नवी नावं चढतात. शहरी भागात याऐवजी फॉर्म डी असतो. म्युटेशनने मालकी येत नाही, ती दस्तातून येते. पण गोवा जमीन महसूल संहिता, १९६८ च्या कलम १०५ प्रमाणे ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे चुकीच्या नावाविरुद्ध पुरावा देण्याचं ओझं तुमच्यावर येतं. उतारा काढाल तेव्हा कब्जेदाराच्या नावावर थांबू नका. कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. मुंडकाराची (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद असली तर ती तिथे दिसते. जमीन नोंदी खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन घालून उतारा बघता येतो. दर तीन महिन्यांनी बघा आणि तारखेसह छापून ठेवा. सोबत सब-रजिस्ट्रारकडून वर्षातून एकदा बोजा दाखला (मिळकतीवर नोंदवलेल्या व्यवहारांची यादी) घ्या, कारण नोंदवलेला दस्त तिथे उताऱ्याच्या आधी दिसतो.

जुने पोर्तुगीज दस्त घरातल्या पेटीत असतील, तर त्यांची प्रमाणित प्रत आत्ताच काढून घ्या आणि शपथबद्ध भाषांतर करून ठेवा. जमीन नोंदणीतला वर्णन क्रमांक आणि त्याखालची मालकाची नोंद हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही लागतात. मात्रिजचा (पोर्तुगीज काळातल्या करनोंदीचा) क्रमांक करासाठी असतो, त्यावर मालकी ठरत नाही. घरपट्टीचंही तसंच, तरीही ती दुसऱ्याच्या नावाने कधी होऊ देऊ नका.

आता रखवालदार. हा भाग नाजूक आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत राहणाऱ्याला हुसकावण्यापासून संरक्षण मिळतं आणि घर व भोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क मिळतो. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र २०० पर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या खऱ्या मुंडकाराचा हक्क मान्य करा, रीतसर खरेदी आणि मोजणी करून द्या. तसं केल्याने बाकीचं भाट मोकळं होतं आणि तीस वर्षांचा दावाही टळतो. पण पगारी रखवालदार मुंडकार नाही, हे दाखवण्याची तयारी तुम्हालाच ठेवावी लागते. कायद्याने पगारावर असलेला, भाटकाराच्याच आवारात राहणारा नोकर किंवा चौकीदार वगळला आहे, पण त्यासाठी पगाराचा पुरावा हवा. पगार रोख नको, दरमहा बँकेतून द्या. नेमणुकीचं पत्र दोघांच्या सहीने करा, त्यात काम, पगार आणि राहण्याची खोली नोकरीपुरती आहे हे लिहा. त्याच्या नावे वेगळा घर क्रमांक, वीज किंवा पाण्याची जोडणी होऊ देऊ नका, आणि ‘एक ना-हरकत पत्र द्या, सरकारी योजनेसाठी हवंय’ असं कोणी मागितलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. भातशेत कोणाला तोंडी कसायला देणंही तितकंच महाग पडू शकतं. कूळ म्हणून दावा उभा राहतो.

घर भाड्याने द्यायचं असेल तर लेखी लीव्ह अँड लायसन्स करार करा, त्याची नोंदणी करा आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडं घेत राहू नका.

कुंपणाचं आता सांगतो. आधी जमीन सर्व्हेक्षण निरीक्षकाकडे हद्द दाखवण्यासाठी अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटिसा देऊन मोजणी होते आणि खुणा पक्क्या होतात. मग चिऱ्यांची भिंत, तीही पंचायतीच्या परवान्याने. अंदाजाने घातलेली भिंत पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा बनते. वर्षातून दोनदा जाऊन तारखेसह फोटो काढा. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, कारण पावसात रान वाढतं आणि त्याआड शेड उभी राहते. पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) दिलेले पैसे, नारळाच्या विक्रीची पावती, साफसफाईचं बिल असे कागद साठवून ठेवा. परक्याने १२ वर्षं उघडपणे ताबा ठेवला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो, त्यामुळे ताब्याचा पुरावा सलग हवा. चुलत भावाने ताबा ठेवला म्हणून मात्र सहवारसाचा हक्क आपोआप जात नाही.

कुलमुखत्यारपत्र कमीत कमी द्या. दिलंच तर एका कामापुरतं, सर्व्हे नंबर लिहून, विक्रीचा आणि पैसे घेण्याचा अधिकार नाही असं नमूद करून. देणारा मरण पावला की ते साधारणपणे संपतं, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. रद्द करताना रद्दपत्राची नोंदणी, मुखत्याराला नोटीस आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना, तिन्ही करा. आत्याची मुलं परदेशात असतील तर तिथला कागद अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारकडून प्रमाणित) करून आणा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा.

वडिलांनी गोव्यात मृत्युपत्र करायचं म्हटलं, तर ते विशेष नोटरीपुढेच व्हावं लागतं, घरी लिहून दोन साक्षीदारांची सही घेतलेला कागद इथे पुरत नाही. आणि मुलं असताना स्वतःच्या हिश्शाच्या अर्ध्याच भागाची मोकळीक असते. म्हणजे आई-वडिलांच्या मिळून असलेल्या मालमत्तेपैकी वडिलांना फक्त चौथाई हवी तशी देता येते. उरलेलं कायदा वारसांसाठी राखतो. एका मुलाला बक्षीसपत्राने सगळं दिलं तरी पुढे बाकीचे ते कमी करवून घेऊ शकतात. बँकेत किंवा सोसायटीत नाव घातलेला नॉमिनी मालक नसतो, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो, हेही घरात सगळ्यांना सांगा.

बनावट नोंद सापडलीच, तर सब-रजिस्ट्रार स्वतः दस्त रद्द करू शकत नाही, म्हणून तिथे महिने घालवू नका. त्याच दिवशी दस्ताची आणि म्युटेशनच्या कागदांची प्रमाणित प्रत मागा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, मामलेदाराकडे हरकत किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. दस्त रद्द करण्याचा दिवाणी दावा, मनाई हुकमाच्या अर्जासह, कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, पण खरा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत लावला तरच, कारण पुढचा खरेदीदार आणि त्याचं बांधकाम तोवर उभं राहतं.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करण्याजोगं एकच काम सांगतो: आजचा एक-चौदा, सर्व्हेचा नकाशा आणि बोजा दाखला काढा, आणि दुसऱ्या आत्याचा मृत्यूचा दाखला तिच्या मुलांकडून मागवा.