फुप्फुसातील गुठळीसाठी सीटी अँजिओग्राफी करताना रेडिएशन आणि डाय कमी करता येतात का?

तुमच्या 62 वर्षांच्या आईंना अचानक धाप लागली, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असल्याची शंका आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडे वाढलेले आहे, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेल्या सीटी अँजिओग्राफीत रेडिएशन आणि डाय (धमन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) कमी करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी सीटी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. दोन्ही कमी करता येतात आणि पुष्कळदा एकाच बदलाने करता येतात.

तो बदल म्हणजे केव्ही, म्हणजे एक्स-रे नळीचा विद्युतदाब (किलोव्होल्ट), खाली आणणे. पूर्वी हा स्कॅन सरसकट 120 केव्हीवर होत असे. आता 100 किंवा शरीरयष्टी बारीक असल्यास 80 केव्हीवर करता येतो. डायमध्ये आयोडीन असते आणि केव्ही कमी केल्यावर किरणांची ऊर्जा आयोडीन जिथे ती सर्वाधिक शोषून घेते त्या पातळीच्या जवळ येते, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनने धमनी अधिक उजळ दिसते. इतर सेटिंग तीच ठेवून 120 ऐवजी 100 केव्ही वापरले तर रेडिएशन सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि जिथे 80 ते 100 मिलिलिटर डाय दिला जाई तिथे 50 ते 60 मिलिलिटरमध्ये काम भागते. प्रतिमेत दाणेदारपणा वाढतो, पण नव्या यंत्रांचे सॉफ्टवेअर तो बराचसा काढून टाकते. रुग्ण स्थूल असेल तर मात्र मी 80 केव्हीचा आग्रह धरत नाही, कारण अस्पष्ट चित्रात लहान फांदीतली गुठळी निसटू शकते.

सर्वांत मोठा डोस फसलेल्या स्कॅनचा असतो, कारण तो पुन्हा करावा लागतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका आजींना मी ‘जोरात श्वास घ्या’ असे सांगितले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, पोटाकडून डाय नसलेले रक्त हृदयात ओढले गेले, आणि नेमकी मधली धमनी फिकी आली. दुसरा स्कॅन करावा लागला, म्हणजे रेडिएशनही दुप्पट आणि डायही दुप्पट, आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी टेबलावर घेतल्यावर दोनदा सराव करून घेतो: हळू श्वास घ्या, थांबा, बस. आईंकडून घरच्यांनीही हा सराव आधी करून घेतला तर फार उपयोग होतो.

दुसरी काळजी सुईची. डाय सेकंदाला 4 ते 5 मिलिलिटर वेगाने जातो, म्हणून कोपराच्या वळणाजवळ 18 किंवा 20 गेजचे (जाड) व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत ठेवायची नळी, हवे. मनगटावरची बारीक सुई त्या वेगाला टिकेलच असे नाही. डायमागोमाग सलाइन ढकलले की नळीत आणि शिरेत अडकलेला डायही कामी येतो. दोन्ही हात डोक्यावर घेता आले तर घ्यावेत, आणि स्कॅन छातीपुरताच ठेवावा. ‘आलेच आहेत तर पोटही पाहून घ्या’ ही विनंती कृपया करू नका.

मूत्रपिंडासाठी नुसते क्रिएटिनिन न पाहता इजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती रक्त गाळते याचा अंदाज, विचारा. तो 30 च्या वर असेल तर डायमुळे होणारा धोका सहसा कमी असतो. त्याखाली असेल तर डॉक्टर सलाइन देणे किंवा दुसरी तपासणी करणे, यांचा विचार करतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते अवश्य सांगा. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ असल्यास आयोडीनच्या डायशिवाय होणारा व्ही-क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते ते दाखवणारी तपासणी) हा चांगला पर्याय आहे, आणि पायांच्या डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) गुठळी सापडली तर उपचार बहुधा तेच असल्याने सीटी टाळताही येतो.

त्याही आधी डी-डायमर (गुठळीची शक्यता पाहणारी रक्ततपासणी) झाली आहे का, ते विचारा. पन्नाशीनंतर त्याची मर्यादा सरसकट 500 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) न धरता वयाच्या दहापट धरता येते, म्हणजे आईंसाठी 620. लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असेल आणि आकडा त्याखाली असेल, तर स्कॅनची गरजच उरत नाही. पण रक्तदाब खाली जात असेल किंवा ऑक्सिजन टिकत नसेल, तर हे काहीही विचारत बसू नका. डॉक्टर सांगतील त्या क्षणी आईंना सीटीला न्या.