वडील गडचिरोलीचे, लहानपणी खूपदा मलेरिया झालाय. अँटीबॉडी टेस्ट केली तर आता परत होणार नाही हे कळेल का?

नाही कळणार. मलेरियाच्या परजीवीच्या एमएसपी-१, एएमए-१ असल्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या म्हणजे तो कधीतरी रक्तात येऊन गेलाय एवढंच, पुढची गॅरंटी नाही.

माझे दाजीही गडचिरोलीतल्याच धानोऱ्याचे, तिकडे पावसाळ्यात ताप ठरलेलाच. आता बारा वर्षं नवी मुंबईत घणसोलीला राहतात, तुर्भ्याला एमआयडीसीत कामाला. पोळ्याला गावी जाऊन आले आणि दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप. मी म्हटलं दाजी आत्ताच्या आत्ता स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर घेऊन परजीवी शोधायची तपासणी) करा, तर म्हणे आमच्या रक्तात मलेरिया मुरलाय, आम्हाला काय होत नाही. गोळी खाऊन तीन दिवस ड्युटी केली. वर एका लॅबवाल्याने अँटीबॉडी पॉझिटिव्ह काढून सांगितलं की प्रोटेक्शन आहे! चौथ्या रात्री दोन वाजता ताईचा फोन, दाजी असंबद्ध बडबडतायत. वाशीला आयसीयू, फॅल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी निघाला, त्यावरच्या आर्टेसुनेटची इंजेक्शनं, आणि ताई पाच रात्री बाहेर खुर्चीवर बसून.

अँटीबॉडी कामाच्या नसतात असं नाही. १९६१ ला गांबियात मोठ्या माणसांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (अँटीबॉडी असलेला भाग) मलेरिया झालेल्या लहान मुलांना दिलं तर त्यांच्यातले परजीवी झपाट्याने कमी झाले. पण ती मोठी माणसं जन्मभर तिथेच डास चावून घेत होती. फॅल्सिपेरम लाल पेशीवर पीएफईएमपी-१ नावाचं प्रोटीन आणून बसवतो, त्याच्या वेगवेगळ्या रूपांचे साठेक जीन त्याच्याकडे असतात, शरीराने एक ओळखलं की हा दुसरं काढतो. म्हणून इम्युनिटी यायला वर्षं लागतात, आली तरी इन्फेक्शन थांबत नाही, आजार हलका होतो इतकंच, आणि गाव सोडलं की तीही हळूहळू उतरते.

दाजी अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, अँटीबॉडी होत्या म्हणून वाचलो. थोडं तथ्य असेलही, लहानपणी मलेरिया झालेल्यांना पुढे गंभीर आजार कमी होतो असं दिसलंय. पण दाजी वाचले ते इंजेक्शनने आणि ताईने त्या रात्री रिक्षा शोधून आणली म्हणून, हे ते एकदाही बोलत नाहीत.

मी डॉक्टर नाही, फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी तपासणीला) आहे. पण वडिलांना ताप आला तर त्याच दिवशी स्मिअर करा, अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका. हे उत्तर आमच्या फॅमिली ग्रुपवर पण टाकतोय, दाजींनी वाचावं.