‘झाला’ झाला, तरी मैफल का संपेना?

एका कोल्हापूरकर वाचकाचा प्रश्न: सतारीच्या मैफलीच्या पत्रकावर ‘आलाप, जोड, झाला’ असं छापलं होतं. हे ‘जोड झाला’ असं वाचायचं का? आणि झाला वाजून संपल्यावर तबला सुरू झाला, तो कसा?

‘झाला’ इथं क्रियापद नाही, नाम आहे. हिंदी मुलखातल्या तंतकारांकडून (तंतुवाद्य वाजवणाऱ्यांकडून) ते आलं. तिकडं ‘हुआ’ म्हणत असल्यानं त्यांचं काही अडत नाही, घोटाळा आपलाच. रूपं ‘वाडा’सारखी चालवा: झाल्यात, झाल्याची लय.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. कोल्हापूरचा कान अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीवर पोसलेला. तिथं थोडीशी आलापी झाली की बंदिश आणि ठेका सुरू, आणि रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं विस्तार, होते ती तालाच्या आत. सतारीवर (‘सितार’ म्हणायची हौस कशाला?) बढतीचा मोठा भाग गतीच्या (गत म्हणजे तालात बांधलेली वाद्यरचना) आधीच, तबल्याविना उरकतो. आलापात लयीचा ठोका नसतो. जोडात तो येतो, पण तालाचं आवर्तन नसतं, म्हणून सम (आवर्तनाची पहिली मात्रा) शोधत बसू नका. धृपदियांच्या नोमतोमशी (‘नोम्, तोम्’ अशा अक्षरांवरच्या आलापीशी) याचं जवळचं नातं. मग झाला: मिरजेत एखाद्या सतारमेकराकडं गेलात तर दांडीच्या कडेला चिकारीच्या, म्हणजे मधूनमधून छेडायच्या कडेच्या तारांच्या, दोन खुंट्या बघा. त्या तारा षड्जात लावतात. बाजाच्या (सूर वाजवायच्या मुख्य) तारेवर एक ‘दा’ (नखीच्या आघाताचा बोल) आणि चिकारीवर तीन आघात, असं भरभर चालू झालं की तो झाला.

हा ‘झाला’ आलापाचा. त्यानंतर तबलजी हात घालतो तो गतीला. विलंबित असेल तर बहुधा मसीतखानी ढंगाची: तीनतालात बाराव्या मात्रेपासून ‘दिर दा दिर दा रा’, आणि समेवर ‘दा’. मग द्रुत, रजाखानी ढंगाची. तिची लय चढत चढत शेवटी पुन्हा झालाच येतो, या खेपेला तबल्यासकट.

म्हणजे पूर्ण मांडणीत झाला दोनदा असतो. पहिल्यावर लोक टाळ्या वाजवून चहाला उठतात, त्यात त्यांचा दोष नाही. पत्रक छापणाऱ्यांनी ‘आलाप-जोड-झाला, विलंबित गत, द्रुत गत व झाला’ असं लिहावं, जागा फार लागत नाही.