कल असलेला पत्रकार अविश्वसनीयच असतो का?

प्रश्न : एका राजकीय पत्रकाराचे लेखन मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांनी उघडकीस आणलेली काही प्रकरणे पुढे खरी ठरली. तरीही ते एका पक्षाकडे झुकलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे मित्र सांगतात. सामान्य वाचकाने याची पारख कशी करावी?

उत्तर : आपल्या मित्रांचे निरीक्षण बरोबर असूही शकेल, पण त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे. पत्रकाराचा कल कोणीकडे आहे हा एक प्रश्न झाला आणि त्याने दिलेली माहिती तपासात टिकते का हा दुसरा.

अमेरिकेतील पत्रकार आय. एफ. स्टोन यांचा डावा कल कधीच लपलेला नव्हता. १९५३ पासून ते स्वतःचे छोटे साप्ताहिक चालवत. १९५७ साली नेवाडात झालेल्या भूमिगत अणुचाचणीचे धक्के दोनशे मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत, असे अणुऊर्जा आयोगाने सांगितले. धक्के कळतच नसतील तर चाचणीबंदीवर देखरेख कशी ठेवणार, असे म्हणणाऱ्यांना ते सोयीचेच होते. स्टोन यांनी भूकंपमापनाच्या सरकारी नोंदी मिळवल्या आणि दोन हजार मैलांहून अधिक दूर असलेल्या अलास्कातील फेअरबँक्स येथेही धक्का नोंदला गेल्याचे दाखवून दिले. आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले. हा आकडा तपासण्याची बुद्धी त्यांना कदाचित त्यांच्या कलामुळेच झाली असेल, पण त्या नोंदी त्यांच्या विरोधकांनाही पाहता येण्याजोग्या होत्या. (स्टोन यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे पत्रकार परिषदांपेक्षा कागदपत्रांवरच त्यांची भिस्त होती. ही उणीव त्यांच्या पथ्यावरच पडली म्हणायची.)

याउलट वॉल्टर ड्युरँटी हे न्यूयॉर्क टाइम्सचे मॉस्कोतील प्रतिनिधी आणि १९३२ च्या पुलित्झर पुरस्काराचे मानकरी होते. मार्च १९३३ मध्ये, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनची खेडी पायी हिंडून आलेल्या गॅरेथ जोन्स या तरुण पत्रकाराने तेथील दुष्काळ जगापुढे मांडला, तेव्हा त्याचे म्हणणे खोडताना ड्युरँटी यांनी लिहिले की, उपासमारीने मृत्यू होत नाहीत, मात्र कुपोषणातून होणाऱ्या रोगांनी मोठ्या प्रमाणावर मृत्यू होत आहेत. हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहावे. अन्नावाचून माणसे मरत असल्याची कबुली त्यातच आहे. बदलले आहे ते केवळ मृत्यूच्या कारणाचे नाव. प्रत्यक्षात त्या दुष्काळात लाखो माणसे दगावली.

तेव्हा आपण आपल्या पत्रकाराची एखादी जुनी बातमी घ्यावी आणि ज्या भाषणावर, निकालपत्रावर किंवा अहवालावर ती बेतली आहे, तो मूळ मजकूर शेजारी ठेवावा. एका पक्षाचा नेता ‘म्हणाला’ आणि दुसऱ्याचा ‘कबूल करता झाला’ असे क्रियापद सतत बदलत असेल, तर कल दिसून येतो. पण मूळ वाक्यच अर्धे तोडले असेल, तर तो विश्वासार्हतेचा दोष ठरतो. ‘विश्वसनीय सूत्रांच्या’ हवाल्याने दिलेली भाकिते वर्षभराने तपासावीत. चूक निघाल्यावर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे छापली का, हेही पाहावे. स्वपक्षाच्या अडचणीच्या दिवशी हा पत्रकार कशावर लिहितो, हे तर मी आवर्जून पाहतो.

आणि मित्रांना एवढेच विचारावे की, तपासात खोटी ठरूनही या पत्रकाराने न सुधारलेली एक तरी बातमी त्यांना दाखवता येईल का. तशी ती त्यांनी दाखवली, तर तिच्या तारखेच्या आगेमागे त्याने लिहिलेले सर्व काही आपल्याला पुन्हा तपासावे लागेल.