बाळाच्या हृदयातली गाठ : एक्स-रेवर विसंबू नकोस

निपाणीत नव्यानं रुजू झाली आहेस, म्हणून सांगते. तान्ह्या बाळाच्या छातीचा एक्स-रे आला की आधी थायमस, म्हणजे छातीतली लहानपणी मोठी असणारी ग्रंथी, ओळखायला शीक. हृदयाच्या वर शिडासारखी पसरलेली ती सावली म्हणजे गाठ नव्हे. बाळ रडताना फिल्म निघाली तर ती आणखीच रुंद दिसते.

ऱ्हॅब्डोमायोमा ही लहान मुलांच्या हृदयात सर्वांत जास्त आढळणारी गाठ. स्नायूची, पण कर्करोगाची नाही. एक्स-रेत ती बहुधा दिसतच नाही. फार तर हृदय मोठं वाटतं. म्हणून शंका आली की सरळ इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कर. खालच्या कप्प्यांत गोलसर, एकसारख्या पांढरट, एकाहून जास्त गाठी दिसल्या तर निदान जवळजवळ झालंच. एकच मोठी गाठ आणि आत कॅल्शियम असेल तर फायब्रोमा, म्हणजे तंतूंची गाठ, धर, एमआरआयसाठी बेळगावला पाठव. उगाच सीटी नको, कोवळ्या जिवाला तेवढं रेडिएशन कशाला?

इको झाल्यावर झबलं मात्र काढायला लाव. पाठीवर, मांड्यांवर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे शोध. खानापूरकडची आजी म्हणेल, "जंत झालेत." तिला तोडू नकोस, पण ट्युबरस स्क्लेरोसिस, म्हणजे हृदयात, मेंदूत अशा गाठी आणि कातडीवर हे चट्टे आणणारा जनुकीय आजार, मनात ठेव आणि फिट येते का ते विचार. आई कन्नड बोलणारी असेल तर सिस्टरला सोबत घे.

बहुतेक गाठी वयाबरोबर आपसूक आकसतात. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले तरच ऑपरेशनचा विषय काढ. पुढच्या इकोची तारीख मराठी-कन्नड दोन्हीत लिहून दे.